रोटरची गती आणि इंजिनाची प्रकृती

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या प्रारंभी एमआय-१७ जातीची हेलिकॉप्टरे नवी दिल्लीच्या कर्तव्यपथावरून पुष्पवृष्टी करीत जातात. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग, ज्याला पूर्वी कर्झन रोड म्हणत, तेथून फार दूर नाही. त्या मार्गावर असलेल्या माणसाला हेलिकॉप्टरे दिसण्यापूर्वीच त्यांच्या पात्यांचे फटकारे ऐकू येतात. लक्ष देऊन ऐकणाऱ्यास त्यात एक गोष्ट जाणवते. हेलिकॉप्टर वर चढत असो, एका जागी तरंगत असो वा खाली उतरत असो, त्या फटकाऱ्यांची लय जवळजवळ बदलत नाही. एमआय-१७ च्या माथ्यावरील सुमारे २१ मीटर व्यासाचा पंखा, म्हणजेच रोटर, मिनिटास १९० च्या आसपास फेरे करतो आणि उड्डाणभर साधारणतः तेवढेच करीत राहतो.

पंखा अधिक वेगाने फिरविला की हेलिकॉप्टर वर जाते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती बरोबर नाही. वैमानिक पंख्याचा वेग वाढवीत नाही, तर पात्यांचा कोन वाढवितो. प्रत्येक पाते आपल्या लांबीच्या अक्षाभोवती किंचित वळते, हवेला अधिक तिरपे सामोरे जाते आणि त्यामुळे त्याची उचल वाढते. मात्र उचलीबरोबर हवेचा विरोधही वाढतो. हा वाढीव विरोध पेलण्यासाठी इंजिनाने त्याच क्षणी अधिक शक्ती दिली नाही, तर रोटर मंदावेल. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये ही जबाबदारी स्वयंचलित नियंत्रकावर असते. रोटर मंदावू लागताच तो इंजिनास इंधन वाढवून देतो.

हौशी माणसे उडवितात ती दूरनियंत्रित मॉडेल हेलिकॉप्टरे याच तत्त्वावर चालतात. नवशिक्यासाठी बनविलेल्या, नायट्रो इंधनावर चालणाऱ्या मॉडेलचा रोटर सव्वा मीटरच्या आसपास व्यासाचा असतो व इंजिनाची क्षमता सुमारे ५ घनसेंटिमीटर, म्हणजे एका चमचाभर पाण्याएवढी असते. फरक असा की येथे इंजिनाची शक्ती आणि पात्यांचा कोन यांची सांगड प्रथम त्या नवशिक्यालाच घालावी लागते. ही सांगड बिघडली की रोटर एकदा मंदावतो, एकदा पिसाटतो, शेपूट डोलू लागते, इंजिन धापा टाकते. मग बहुधा सर्व दोष इंजिनाच्या माथी मारला जातो आणि स्क्रू ड्रायव्हर हाती घेतला जातो. अनेकदा खरा बिघाड तेथे नसतोच.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. सव्वा मीटरचा रोटर मिनिटास १,६०० फेरे करीत असता त्याच्या पात्याचे टोक ताशी सुमारे ३७५ किलोमीटर वेगाने जात असते. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहरात एका तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांनी मृत्यू झाला. त्याला या छंदाचा चांगला अनुभव होता. इंडिया गेटच्या परिसरात सुरक्षेच्या कारणास्तव अशी उड्डाणे करण्यास मनाई आहेच, परंतु जेथे परवानगी आहे तेथेही मोकळे मैदान व पाहणाऱ्यांपासून पुरेसे अंतर या गोष्टींना पर्याय नाही.

ठिणगीवाचून पेटणारे इंजिन

मॉडेलच्या इंजिनात मोटारीप्रमाणे पेट्रोल नसते. त्याचे इंधन तीन द्रवांचे मिश्रण होय. मुख्य भाग मिथेनॉलचा, त्यात १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि सुमारे १८ ते २० टक्के तेल. हे तेल एरंडेल किंवा कृत्रिम असते, पुष्कळदा दोन्ही. जे एरंडेल आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यात असे, तेच अत्युच्च तापमानातही धातूला चिकटून राहते, म्हणून ते इंजिनाचे संरक्षण करते. धुराला येणारा विशिष्ट वास त्याचाच. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेत अधिक इंधन जाळता येते व शक्ती वाढते.

मिथेनॉल हाताळताना मात्र निष्काळजीपणा चालत नाही. ते विष आहे. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसांचे प्राण घेतले. शिवाय त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ अदृश्य असते. मैदानावर सांडलेले इंधन पेटले आहे हे कळते, तेव्हा पुष्कळदा हात भाजलेला असतो.

या इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा नसते. सिलिंडरच्या माथ्यावर प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असलेला ग्लो प्लग बसविलेला असतो. १९४७ मध्ये अमेरिकेतील रे आर्डेन यांनी तो बाजारात आणला आणि मॉडेल-विमानांतून बॅटरी व कॉइल यांचे ओझे एकदम नाहीसे झाले. सुरू करताना दीड व्होल्टच्या घटाने ही तार लाल करावी लागते. इंजिन एकदा चालू झाले की घट काढून घेतात. मग स्फोटाची उष्णता आणि मिथेनॉलवर होणारी प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया तारेला तापती ठेवतात.

या साधेपणाची किंमत आहे. मोटारीत ठिणगी केव्हा पडावी हे वेगळे ठरविता येते. ग्लो प्लगच्या इंजिनात स्फोटाचा क्षण मिश्रणावर व उष्णतेवर अवलंबून राहतो. म्हणून हवा व इंधन यांचे प्रमाण येथे दुहेरी काम करते. किती जळावे आणि केव्हा जळावे, दोन्ही तेच ठरविते. मिश्रणात झालेला लहानसा बदल इंजिनाचे वर्तन एवढे का पालटतो, याचे कारण येथे आहे.

हे प्रमाण कार्ब्युरेटरवरील दोन सुयांनी राखले जाते. मुख्य सुई पूर्ण शक्तीच्या वेळचे इंधन ठरविते, तर दुसरी सुई मंद गतीचे. सुई बाहेर काढली की इंधन वाढते, आत फिरविली की घटते. इंधन अधिक झालेल्या मिश्रणास समृद्ध व कमी झालेल्या मिश्रणास विरल म्हणू; गॅरेजमधील कारागीर त्यांनाच रिच व लीन म्हणतात.

समृद्ध मिश्रणाचे इंजिन सुस्त असते. ते पांढरा दाट धूर सोडते, गुळण्या केल्यासारखा घोगरा आवाज काढते, मॉडेल तेलाने माखते आणि सिलिंडर फारसा तापत नाही. रोटर अपेक्षित गती गाठतच नाही. हा दोष नवशिक्याला त्रास देतो, पण इंजिनाला सहसा इजा करीत नाही. विरल मिश्रणाचे उलट आहे, आणि ते फसवे आहे. इंजिन प्रथम अतिशय तडफदार वाटते. आवाज तीक्ष्ण होतो, रोटर चपळ होतो, मालक खूश होतो. एक-दोन मिनिटांत धुराची रेघ विरते, गती आपोआप खाली घसरते आणि इंजिन तापून बंद पडते. इंधनाबरोबर तेलही कमी पोहोचत असल्याने पिस्टन व सिलिंडर कोरडे घासतात. अशी दोन-चार उड्डाणे इंजिनाचे आयुष्य संपवू शकतात. यास्तव जाणकार नेहमी समृद्ध बाजूकडून सुरुवात करतात. उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीपेक्षा सुई थोडी अधिक बाहेर ठेवावयाची व अष्टमांश फेऱ्याहूनही कमी अशा पावलांनी आत न्यावयाची.

मंद गतीच्या सुईची परीक्षा साधी आहे. इंजिन मंद चालत असता कार्ब्युरेटरकडे जाणारी इंधनाची नळी चिमटीत दाबावी. गती किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन थांबले, तर सुई योग्य आहे. दाबताच थांबले तर मिश्रण विरल, आणि बराच वेळ गती चढतच राहिली तर समृद्ध. मात्र ही परीक्षा करताना एका हाताने रोटरचे मस्तक घट्ट धरलेले असावे. इंजिन सुरू करतानाही तोच नियम आहे, कारण थ्रॉटल चुकून उघडा राहिला असेल तर क्लच पकडतो आणि पाती तत्क्षणी फिरू लागतात.

थ्रॉटल खाली आणल्यावरही इंजिन लगेच मंदावत नसेल, जणू वरच्या गतीला अडकून राहत असेल, तर मंद गतीचे मिश्रण बहुधा विरल असते. उलट, मंद चालल्यानंतर थ्रॉटल उघडताच इंजिन अडखळून धुराचा लोट सोडीत असेल, तर ते समृद्ध असते.

तरंगण्याचा सापळा

नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान करणारी चूक मात्र वेगळीच आहे. हेलिकॉप्टर शिकणारा मनुष्य पहिले कित्येक आठवडे फक्त ते जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर तरंगत ठेवण्याचा सराव करतो. या स्थितीत थ्रॉटल साधारण अर्धा उघडा असतो आणि मिश्रणावर मंद गतीच्या सुईचा प्रभाव बराच असतो. ती सुई समृद्ध असेल तर तरंगताना इंजिन घोगरे चालते. नवशिक्यास मात्र मुख्य सुई तेवढी ठाऊक असते; ती बाहेरून सहज फिरविता येते व प्रत्येक पुस्तकात तिचाच उल्लेख आधी येतो. तो ती आत, आणखी आत फिरवीत जातो. अखेर तरंगणे सुरेख होते. दोन्ही सुयांच्या चुकांनी परस्परांना झाकलेले असते.

मग एके दिवशी त्याला धीर येतो आणि तो मॉडेल प्रथमच पूर्ण शक्तीने वर नेतो. आता इंधन सर्वस्वी मुख्य सुईच्या हाती असते, आणि ती तर नको तितकी बंद आहे. वीस-तीस मीटर उंचीवर इंजिन किंचाळते आणि थांबते. इंजिन थांबल्यावरही हेलिकॉप्टर सुखरूप उतरविता येते. रोटरच्या दांड्यावरील एकदिशा बेअरिंगमुळे रोटर इंजिनापासून मोकळा फिरत राहतो. पण त्यासाठी पात्यांचा कोन तत्काळ खाली आणावा लागतो आणि जमिनीजवळ योग्य क्षणी पुन्हा वाढवावा लागतो. कित्येक आठवडे केवळ तरंगणाऱ्याला हे जमण्याची शक्यता थोडी. घाबरून तो दांडी वर ढकलतो, रोटरची उरलीसुरली गती खर्च होते आणि मॉडेल दगडासारखे पडते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम मुख्य सुई निश्चित समृद्ध ठेवावी. नंतर मंद गतीच्या सुईने तरंगण्याचे वर्तन सुधारावे. त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या हाती मॉडेल देऊन काही सेकंदांचे पूर्ण शक्तीचे चढाव घ्यावेत आणि मुख्य सुईचा निर्णय तेव्हाच करावा. एक सुई फिरविली की दुसरीवर थोडा परिणाम होतो, त्यामुळे शेवटी दोन्हींची फेरतपासणी अटळ आहे. मॉडेल उतरल्यावर, इंजिन व पाती पूर्ण थांबल्यावर, क्रँककेसच्या मागील झाकणावर बोट ठेवून पाहण्याची जुनी पद्धत आहे. दोन-तीन सेकंद बोट ठेवता आले तर ठीक. स्पर्शही सहन होत नसेल तर मिश्रण विरल. खुशाल बोट टेकवून बसता येत असेल तर समृद्ध. हे मोजमाप ढोबळ आहे, पण उपयोगी आहे.

एवढे करून बसविलेल्या सुयाही कायमच्या बसत नाहीत. दिल्लीत मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंशांच्या घरात असते. जानेवारीच्या सकाळी ते ६ अंशांपर्यंत उतरते. त्या थंड हवेची घनता मेमधील हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने अधिक असते. कार्ब्युरेटर आत जाणाऱ्या हवेच्या प्रवाहाने इंधन ओढतो खरा, पण हवा जेवढी दाट होते तेवढ्या प्रमाणात इंधन वाढत नाही. ते सुमारे निम्म्याच प्रमाणात वाढते. परिणामी उन्हाळ्यात अचूक बसविलेले इंजिन हिवाळ्यात विरल चालते. मुंबईच्या समुद्रकाठी बसविलेले मॉडेल सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यास नेले, तर विरळ हवेमुळे ते किंचित समृद्ध वाटेल आणि रोटरची उचलही थोडी कमी भरेल. पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो. मिथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. सैल बुचाच्या डब्यात जुलैभर राहिलेले इंधन कोणत्याही सुईने नीट चालत नाही. अशा वेळी नवा डबा फोडून पाहावा. कित्येक तासांची डोकेफोड वाचते.

दोष वरून खाली येतो

इंजिनाविषयीची तक्रार पुष्कळदा रोटरमध्ये जन्म घेते. याचे सर्वांत सरळ उदाहरण पात्यांच्या कोनाचे. तरंगताना कोन सुमारे साडेपाच अंश आणि रोटरचे फेरे मिनिटास १,५०० ते १,६०० ही नवशिक्याच्या लहान मॉडेलसाठी रास्त स्थिती मानतात. जोडदांड्यांच्या लांबीत चूक होऊन हा कोन आठ अंश झाला, तर मॉडेल तरीही तरंगेल. पण रोटर मंद असेल, हालचाली जड व उशिरा होतील आणि इंजिन ओझ्याखाली कण्हत राहील. येथे सुई आत नेणे म्हणजे चढ चढणाऱ्या बैलाच्या पाठीवरचे पोते न उतरविता त्याला चाबूक मारणे होय. पूर्ण दांडीला कोन नऊ-दहा अंशांपेक्षा अधिक ठेवण्याचा मोहही असाच. ५ घनसेंटिमीटरचे इंजिन तो पेलू शकत नाही; मॉडेल क्षणभर उसळते, मग रोटर बसतो.

समृद्ध मिश्रण आणि अतिरिक्त कोन दोन्ही रोटर मंद करतात. त्यांचा भेद पुढीलप्रमाणे ओळखता येतो. कोन थोडा कमी करताच इंजिन मोकळा श्वास घेऊ लागले आणि धूर पूर्वीसारखाच बेताचा राहिला, तर दोष कोनाचा. कोन कमी करूनही घोगरेपणा व दाट धूर राहिला, तर दोष मिश्रणाचा. रोटर वाजवीपेक्षा वेगाने फिरत असून मॉडेल दांडीच्या मध्यावर उचलत नसेल, तर कोन कमी आहे. तो वाढविला की गती आपोआप उतरते. ट्रान्समीटरमध्ये दांडीच्या पाच स्थानांना थ्रॉटल व कोन यांची वेगवेगळी मूल्ये देता येतात. आधी कोन मोजपट्टीने बसवावा आणि मग त्याला अनुरूप थ्रॉटल जुळवावा. उलट क्रमाने गेल्यास गुंता सुटत नाही.

इंजिन वेगाने फिरते आहे पण रोटर मागे राहतो, असे कानाला जाणवले तर इंजिन निर्दोष समजावे. मधला क्लच घसरत असतो. त्याच्या घंटेसारख्या आवरणात चिकटविलेले अस्तर तेलाने भिजलेले वा झिजलेले सापडते. जळका वासही येतो. याउलट, इंजिन मंद असताना जमिनीवरच रोटर हळूहळू फिरत असेल, तर मंद गती अधिक ठेवली आहे किंवा क्लच सुटत नाही. पिनियन व मोठे दातेरी चाक एकमेकांना फार दाबून बसविले असतील तर त्यांच्या घर्षणातच शक्ती वाया जाते. वहीच्या कागदाची पट्टी दोघांमधून फिरवून काढावी. ती चुण्या पडून पण न फाटता बाहेर आली, की अंतर ठीक.

या सर्व दोषांत एक विशेष विचार करण्याजोगा आहे, कारण तो फिरून फिरून मूळ जागी येतो. रोटरच्या दोन पात्यांचे कोन किंवा वजने अगदी सारखी नसली की मॉडेल थरथरते. हा कंप चौकटीतून टाकीपर्यंत जातो आणि इंधनात फेस येतो. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीतून इंधनाबरोबर हवेचे बुडबुडे जाऊ लागतात. मिश्रण विरल होते, इंजिनाची गती वरखाली होते. गती बदलली की रोटरचा चौकटीवरील पीळ बदलतो आणि मॉडेलचे नाक डावीउजवीकडे झुलते. नवशिक्याला शेवटचा दुवा दिसतो. तो शेपटीच्या जायरोस्कोपशी खटपट करतो. थोडा अधिक जाणता मुख्य सुई बाहेर काढतो आणि फेस नसलेल्या क्षणी इंजिन समृद्ध होऊन गुळण्या करते. प्रत्यक्षात बिघाड एका पात्याच्या मुळाशी असलेल्या जोडदांडीच्या अर्ध्या फेऱ्यात असतो. दोन पात्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवून, सुरक्षित अंतरावरून व डोळ्याच्या पातळीवर पाहिले की कोणते पाते वर फिरते आहे ते दिसते. पाती एका पातळीत आणल्यावर फेस, धाप आणि शेपटीचे डोलणे ही तिन्ही एकदम नाहीशी झाली, तर आश्चर्य वाटू नये.

फेस नसतानाही नळीत बुडबुडे दिसत असतील तर टाकीतील वजनदार टोकाची नळी तडकली आहे. टाकी भरलेली असता इंजिन उत्तम चालते व तळाशी आल्यावर विरल होते, अशी तक्रार असेल तर सायलेन्सरपासून टाकीला दाब देणारी नळी तपासावी. ती सुटलेली असते किंवा तिला भोक पडलेले असते. कोणतीच सुई दोन उड्डाणे टिकत नसेल, तर कार्ब्युरेटरच्या मानेपाशी अथवा मागील झाकणाच्या फटीतून हवा आत शिरत असण्याचा संभव मोठा. आणि घट काढताच इंजिन बंद पडत असेल, तर एवढ्या शोधाचे कारण नाही. प्लग बदलावा.

हे सारे कानाने ओळखणाऱ्यांचे कौतुक होते, पण कान फसतात. डोळ्याऐवजी प्रकाशसंवेदक वापरून रोटरचे फेरे मोजणारे छोटे यंत्र बाळगणे अधिक शहाणपणाचे. ते खरे बोलते की नाही हे घरीच तपासता येते. भारतात वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने साधी, जुन्या चोकची ट्यूबलाईट सेकंदास १०० वेळा मंद-प्रखर होते. दोन पात्यांसाठी लावलेले यंत्र तिच्याकडे रोखले की ३,००० हा आकडा दिसला पाहिजे. नव्या एलईडी दिव्यांपुढे ही युक्ती बहुधा चालत नाही. रोटरचा आकडा मिळाला की इंजिनाचाही मिळतो. गिअरचे गुणोत्तर साडेनऊ असेल तर रोटरच्या १,६०० फेऱ्यांमागे इंजिनाचे १५,२०० फेरे. रोटर १,६०० दाखवीत असताना इंजिनाचा आवाज त्याहून चढा वाटला, तर क्लचचा संशय पक्का होतो.

अलीकडे गव्हर्नर नावाचे इलेक्ट्रॉनिक उपकरण मिळते. इंजिनाच्या पंख्यावर बसविलेल्या चुंबकाचे फेरे मोजून ते थ्रॉटल स्वतः हलविते आणि रोटरची गती स्थिर ठेवते. मोठ्या हेलिकॉप्टरच्या नियंत्रकाचे हे धाकटे भावंड. परंतु ते चुकीच्या मिश्रणावर पांघरूण घालते. इंजिन कमकुवत झाले की ते निमूटपणे थ्रॉटल आणखी उघडते. पूर्ण उघडल्यावर त्याच्यापाशी काही उरत नाही आणि दोष अचानक, सहसा आकाशात, उघड होतो. म्हणून सर्व जुळणी गव्हर्नर बंद ठेवूनच पुरी करावी व नंतर तो सुरू करावा.

नायट्रो हेलिकॉप्टरांचे युग आता मागे पडले आहे. दूरनियंत्रित हेलिकॉप्टर व्यवहार्य करण्याचे श्रेय ज्या जर्मन अभियंत्याकडे जाते, त्या डीटर श्ल्यूटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशाच छोट्या इंजिनांवर प्रयोग केले. गेल्या दोन दशकांत मात्र विजेच्या मोटारीने त्यांची जागा बव्हंशी घेतली. विजेच्या मॉडेलला मिश्रण नाही, धूर नाही, सुई नाही. पण कोन अधिक ठेवला तर त्याचाही रोटर बसतो व मोटार तापते. कंप झाला तर त्याचाही जायरोस्कोप गोंधळतो.

ज्यांच्यापाशी जुने नायट्रो मॉडेल आहे, त्यांना दिवसाच्या शेवटी एक काम उरते. टाकी रिकामी करावी, नळी काढून इंजिनातील उरलेले इंधन चालवूनच जाळून टाकावे आणि प्लगच्या भोकातून व कार्ब्युरेटरमधून हलक्या तेलाचे काही थेंब सोडून इंजिन हाताने फिरवावे. मिथेनॉलने शोषलेले पाणी आत राहिले तर बेअरिंग गंजते. गंजलेल्या बेअरिंगचे इंजिन पुढील मोसमात गुरगुरते, थरथरते, टाकीत फेस आणते, आणि मालक पुन्हा सुईकडे वळतो.